लाभणारं नाव

बेंगळुरूतल्या महादेवपुऱ्याच्या त्या गल्लीत सकाळी सहाला वासंती गाडीपाशी दिसली नाही, तर शेजारी तिच्या तब्येतीची चौकशी करायला येत. पदर कमरेला खोचून ती आधी सीट वर करून इंजिनात डोकावे. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघे, कूलंट बघे, मग चारी टायरांवर मूठ आपटून हवेचा अंदाज घेई. सर्जापूर रोडच्या धुळीनं एअर फिल्टर आठवड्यात बुजतो, हे तिला मेकॅनिकच्या आधी कळत असे. गाडी म्हणजे काही मोठा ट्रक नव्हे, मागं उघडा हौदा असलेली छोटी मालवाहू व्हॅन. तिच्यातून नर्सरीतली रोपं, कुंड्या आणि खताची पोती ती सर्जापूर रोडच्या उंच उंच इमारतींत पोचवी. तिची मुलगी पवित्रा म्हैसूरला नर्सिंग शिकत होती, आणि ते शिक्षण याच चार चाकांवर चाललं होतं.

निपाणीकडची ही माणसं. तीस वर्षांपूर्वी दोन भाऊ पोटासाठी बेंगळुरूला आले, शेजारी शेजारी दोन खोल्या बांधून राहिले. थोरला बसवंत, वासंतीचा नवरा, इंदिरानगरच्या एका कंपनीत ड्रायव्हर होता. धाकटा उमाकांत एका कारखान्यात स्टोअर सांभाळी. बसवंत हौशी होता. रविवारी मोकळ्या मैदानात नेऊन त्यानं बायकोला गाडी शिकवली, लायसन काढून दिलं, आणि तीन वर्षांपूर्वी एका दुपारी छातीत कळ येऊन तो गेला.

कंपनीकडून आलेल्या भरपाईतून आणि स्वतःच्या पाटल्या मोडून वासंतीनं ही गाडी घ्यायचं ठरवलं. वर्ष उलटलं होतं, रडून झालं होतं. कागद भरायची वेळ आली तेव्हा सासू गंगव्वा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, नवी वस्तू आहे, विधवेच्या नावावर घेतली की लाभत नाही. ती स्वतः पंचविशीत विधवा झालेली बाई. आपल्या हातानं कुठल्या नव्या घागरीत पहिलं पाणी तिनं कधी भरलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर सासूनं नुसतं सुचवलं होतं, बळजबरी कुणी केली नव्हती. पण वासंतीच्याच मनात पाल चुकचुकली. ज्या बाईचा धडधाकट नवरा चाळिशीत गेला, तिचं नाव गाडीला लावायचं आणि उद्या ती गाडी कुठं आदळली तर? तिनं आपण होऊन दिराला म्हटलं, भावजी, तुमच्या नावावर घ्या. पैसेही तिनं त्याच्याच खात्यात घातले, म्हणजे सगळं एका नावावर सरळ होईल. शोरूममध्ये नारळ वाढवला उमाकांतनं, ओवाळलं जाऊबाईंनी. वासंती काचेच्या दाराबाहेर उभी राहून बघत होती, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्याकडच्या रूढींची हीच तर खुबी आहे. जिचं नाक कापायचं, सुरी तिच्याच हातून मागून घेतात.

सर्जापूर रोडच्या एका इमारतीत नयना नावाची पुण्याची बाई राहत असे. महिन्यातून एकदा तरी ती रोपं मागवी. एकदा तिनं सहज विचारलं, "गाडी तुमच्याच नावावर आहे ना हो?"

"दिरांच्या नावावर हाय. पन आमचीच की."

नयनाच्या कपाळावर आठी पडली. तिनं हळूच म्हटलं की ओनरशिप आणि घरोबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकदा कुणाला तरी विचारून घ्या. वासंती मनातल्या मनात हसली होती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना भावकी काय कळणार, असं तिला वाटलं.

यंदा गाडीला दोन वर्षं होत आली. म्हणजे एफसीची वेळ. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असा सरकारी दाखला. तिनं आरसीबुक मागितलं तेव्हा उमाकांत म्हणाला, "स्वल्प थांब वैनी, दसरा होऊ दे. पन गाडीचं काम मातर आधीच करून घे." मग मागचे ब्रेक लायनर बदल, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस मार, हौद्याला रंग दे, असं एकेक तो सांगत गेला. दोन वर्षांत ज्यानं गाडीचा आरसा पुसला नव्हता, उंटावरून शेळ्या हाकण्यापलीकडे ज्याचा गाडीशी संबंध नव्हता, त्यानं एवढी आस्था दाखवल्यावर वासंतीला भरून आलं. बसवंताच्या माघारी घरात कुणीतरी विचारणारं आहे, असं तिला वाटलं. मेकॅनिककडे ती दोन दिवस स्वतः उभी राहिली. तो म्हणाला, अक्का, शोरूममधून काल काढल्यासारखी झाली. त्या कौतुकावर ती आठवडाभर खूश होती.

खंडेनवमीला बेंगळुरूत आयुधपूजा म्हणतात, आणि त्या दिवशी इथं सायकलीपासून क्रेनपर्यंत कुठलंही चाक पूजेवाचून राहत नाही. वासंतीनं पहाटे उठून गाडी धुतली. पुढं दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, शेवंतीची जाडजूड माळ काचेवरून सोडली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. हे सगळं तिनं करायचं आणि पूजेच्या वेळी आत जायचं, असं गेल्या वर्षीही झालं होतं. यंदा उमाकांतच्या घरी पाहुणे होते. त्याची मुलगी रक्षिता हिचं लग्न ठरलं होतं, आणि होणारा जावई महांतेश आपल्या वडिलांना घेऊन पूजेला आला होता. रक्षिता वासंतीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. ती तिला कानडी पद्धतीनं दोड्डव्वा म्हणे, म्हणजे मोठी आई.

साडेआठला उमाकांत म्हणाला, "वैनी, अव्वा, तुम्ही आत बसा. पूजा होऊ दे." दोघी विधवा स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. खिडकीतून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. घंटा वाजली, कोहळा फुटला, आणि मग महांतेशच्या वडिलांचा आवाज आला. गाडी महांतेशला लग्नाआधीच मिळाली हे बरं झालं, ते म्हणत होते, सोमवारपासून पोरगं धंद्याला लागेल.

वासंतीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं सासूकडे पाहिलं. गंगव्वा जमिनीकडे बघत होती.

"आत्ती, तुमाला म्हाईत होतं?"

"साखरपुड्यातच ठरलंय," गंगव्वा म्हणाली. "त्यांनी गाडी मागितली. उमानं व्हय म्हटलं."

"मग मला का सांगितला न्हाईसा?"

"मी त्याच्या घरात जेवते, वासंती."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. ब्रेकचे लायनर, हौद्याचा रंग, ते ग्रीस, सगळा हिशोब वासंतीला एका क्षणात लागला. गाडी एफसीसाठी नटवली नव्हती, हुंड्यासाठी नटवली होती, आणि नटवून घेतली होती तिच्याच हातांनी. तिला मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. दिरापेक्षाही तिला राग आला तो स्वतःचा. आपलं नाव अशुभ आहे हे तिनं कबूल केलं, त्याच दिवशी गाडी गेली होती. कळायला दोन वर्षं लागली एवढंच.

ती उठली आणि भरल्या पूजेत बाहेर आली. ताम्हनात हळदीकुंकवाशेजारी गाडीची दुसरी चावी होती. हरवू नये म्हणून तिनंच ती दिराकडे ठेवायला दिली होती. जाऊबाई ताम्हन घेऊन महांतेशकडे वळल्या होत्या, त्या जागीच थांबल्या.

"भावजी, ही गाडी माझी हाय."

उमाकांत गडबडला नाही. त्याची तयारी असावी. त्यानं शांतपणे विचारलं, "कागद कुणाच्या नावावर हाय वैनी? मी मागायला आलतो का तुझ्याकडं? तूच म्हणालीस, माझं नाव नको." आणि मग पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून त्यानं आवाज आणखी मऊ केला. "तुला कोण वाऱ्यावर सोडायलंय? महांतेशला तरी कुठं रोजचा रस्ता ठाऊक हाय. तूच चालव. तो पगार देईल."

गल्लीतले चारपाच जण जमले होते. कागद खरा होता, आणि तूच म्हणालीस हेही खरं होतं. असं खरं बोलून माणसाला लुबाडता येतं, हे वासंती त्या दिवशी शिकली. तिच्याच गाडीवर तिलाच ड्रायव्हर म्हणून ठेवायला निघाले होते, आणि वर त्याला दया म्हणत होते.

"पगार नको," ती म्हणाली. "मी पोलीस स्टेशनला जाते. गाडी घेऊनच जाते. तिथं ज्याचं ठरंल त्याची."

तिनं कमरेची चावी काढली आणि दार उघडून बसली. उमाकांत आता मात्र ओरडला. अजून आरती व्हायची होती, बाईमाणसानं, त्यातून असल्या बाईनं, मुहूर्त मोडला म्हणून तो बोलत सुटला. पुढं येऊन त्यानं दाराला हात घातला. "साक्ष कोण देनार तुझी? पैशे कशासाठी दिलते ते कुनाला म्हाईत हाय?"

"मला म्हाईत हाय," मागून आवाज आला.

गंगव्वा उंबऱ्यात उभी होती. खंडेनवमीच्या पूजेत ती पन्नास वर्षांत कधी उंबऱ्याबाहेर आली नव्हती. ती अनवाणीच पायऱ्या उतरायला लागली, तशी रक्षिता आत पळाली. आजीच्या चपला आणून तिनं तिच्या पायांपुढं ठेवल्या आणि बापाकडे न बघता बाजूला उभी राहिली. महांतेशनं वडिलांच्या कानात काहीतरी विचारलं. वडिलांनी त्याला गप्प राहायची खूण केली.

"अव्वा, तू आत जा," उमाकांत म्हणाला.

"लई वर्सं बसले आत," म्हातारी म्हणाली. "माझ्या बोलन्यानं हिनं नाव सोडलं. ते माझ्याच तोंडानं निस्तराय पायजे. सोड दार."

त्यानं दार सोडलं. आईला ढकलण्याइतका तो वाईट नव्हता. असली माणसं वाईट नसतातच, त्यांना फक्त जुन्या चालीरीती वेळेवर आठवतात. गंगव्वा धडपडत वासंतीच्या शेजारी चढून बसली. वासंतीनं गियर टाकला, चारी लिंबं चिरडली, आणि केळीचे खुंट हलवत गाडी गल्लीबाहेर पडली. वासंतीनं सासूला माफ केलं नव्हतं, आणि सासूनं माफी मागितलीही नव्हती.

स्टेशनातही सकाळीच पूजा आटोपली होती. लिहून घेणाऱ्या हवालदारानं माळा घातलेली गाडी बघितली, दोघींची रिकामी कपाळं बघितली, आणि पहिला प्रश्न कानडीत तोच विचारला, गाडी कुणाच्या नावावर? वासंतीनं सगळं सांगितलं. आपणच नाव नको म्हटलं होतं, हेही लपवलं नाही. हवालदार मान हलवत म्हणाला की कागद विरुद्ध आहे अक्का, हे सोपं नाही, वकील बघावा लागेल. वासंती म्हणाली, बघू. पवित्राची फी, सोमवारची रोपं, गाडी अडकली तर रोजची भाकरी, सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं, तरी ती म्हणाली, बघू.

या तक्रारीचं काय व्हायचं ते होईल. पण वाचणाऱ्यांनी एकदा आपापलं कपाट उघडून घराचे, दुकानाचे, गाडीचे कागद काढावेत. कुणाच्या कष्टाची वस्तू कुणाच्या नावावर शोभली म्हणून चढली, ते बघावं. आपल्याही घरात कुणाला तरी काचेच्या दाराबाहेर उभं केलं होतं का, ते आठवावं.

हवालदारानं साक्षीदाराचं नाव विचारलं. म्हातारीनं स्वतःचं नाव सांगितलं, गंगव्वा. मग ती म्हणाली, "पैसे गाडीचेच होते. माझ्यासमोर ठरलं. आणि अजून एक लिवा. विधवेचं नाव लाभत न्हाई असं मी बोलले होते, ते खोटं हाय."

हवालदार हसला. अज्जी, शकुन-अपशकुन तक्रारीत लिहीत नसतात, म्हणाला.

"लिवा म्हनते न्हवं," गंगव्वा म्हणाली.

त्यानं लिहिलं.