काकूंच्या सहीचं पत्र

निवृत्त मास्तरीणबाई भिंतीला धरून चष्म्याच्या दुकानात शिरल्या. "काकू, खरं सांगा. माझे डोळे जाणार का हो?"

काकूंच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. बत्तीस वर्षं त्या चष्मे बनवत होत्या, असं कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी मोबाइल पुढे केला. दुकानाचा ईमेल होता. 'मागच्या तपासणीत धोक्याच्या खुणा दिसल्या. उशीर कराल तर पस्तावाल.' खाली सही काकूंची.

मागची तपासणी तीन वर्षांपूर्वीची, आणि तेव्हा डोळे ठणठणीत होते. काकूंनी बाईंना खुर्चीत बसवून पुन्हा तपासलं. नंबरसुद्धा बदलला नव्हता. बाई हसल्या, पण जाताना पुन्हा भिंत धरूनच गेल्या.

संशय सरळ सुनेवर गेला. दुकानाचा ब्लॉग, फेसबुकचं पान, गिऱ्हाइकांना जाणारे मेल, सगळा कारभार तिचा. काकूंनी मग तिच्यावर पाळतच ठेवली. त्या जवळ गेल्या की सून लॅपटॉप मिटायची. दुपारी मागच्या खोलीतून फोनवर बोलतानाचा तिचा दबका आवाज आला, "प्लीज, सासूबाईंना एवढ्यात काही बोलू नका."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या सहीनं लोकांना घाबरवतेस? उघड तो लॅपटॉप!"

सुनेनं उघडला. पडद्यावर तिने लिहिलेली उत्तरं होती, एकाखाली एक. 'तुमचे डोळे चांगले आहेत, तो मेल चुकून गेला, माफ करा.' सकाळपासून एकेचाळीस जणांना तिने एकटीनं लिहिलं होतं, काहींना फोनही केले होते.

"मग तो पाठवला कुणी?"

सुनेनं दाराकडे पाहिलं. तेवढ्यात मुलगा जेवायला आत आला आणि दोघींचे चेहरे पाहून दारातच थबकला.

"आई, सगळे असंच लिहितात गं," तो म्हणाला. "साधं लिहिलं तर मेल कुणी उघडतच नाही. बघ ना, आज किती जण आले!"

"मास्तरीणबाई भिंत धरून आल्या, ते पाहिलंस?"



काकूंनी सुनेला शेजारी बसवलं आणि मजकूर सांगितला. 'कालचा मेल खोटा होता. तो माझ्या मुलाने लिहिला. माझी सही माझ्या परवानगीशिवाय वापरली. कुणाच्याही डोळ्यांत मी काही वाईट पाहिलेलं नाही.' मुलगा म्हणाला, नाव बुडेल. काकू म्हणाल्या, पाठव.

काहींनी रागाने दुकानाच्या मेलच्या यादीतून नाव काढून घेतलं. मास्तरीणबाईंचं उत्तर आलं: 'आज झोप लागेल.'

"तुझ्यावर आळ घेतला," काकू सुनेला म्हणाल्या. "चुकलंच माझं."

"राहू द्या, आई." पण लॅपटॉप तिने जवळ ओढला तो पाठ जरा वळवूनच.

संध्याकाळी काकू दुकानाच्या पानावरचे अभिप्राय वाचत बसल्या. 'असं दुकान दुसरं नाही.' 'काकूंचा हात म्हणजे देवाचा हात.' एरवी त्यांना हे वाचून बरं वाटायचं. आज त्यांनी मुलाला हाक मारली.

"हे सगळे खरे ना रे?"

"बहुतेक," तो म्हणाला.

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.