कोऱ्या वहीतलं पहिलं नाव

कारखान्याच्या दवाखान्यात भीमसेननं स्टुलावर बैठक मारली आणि नव्या डॉक्टरांच्या ओठांवर नजर खिळवली.

"सदतीस," सहा फुटांवरून डॉक्टर विद्याधर कुजबुजले.

"सदतीस."

"नव्वद."

"नव्वद. पुढं बोला की, डॉक्टर."

विमानाच्या पत्र्यांना रिवेट ठोकण्यात त्याची सोळा वर्षं गेली होती. त्या गदारोळात बोललेलं कुणालाच ऐकू जात नसे. सगळे एकमेकांचे ओठ वाचत, आणि त्यात भीमसेनचा हात धरणारा कुणी नव्हता. कानांचं म्हणाल, तर चिकपेटच्या रस्त्यात मागून आलेल्या सायकलची घंटाही त्याला कळत नसे. पण हे फुटलं तर हातातली रिवेट-गन जाणार, म्हणून तो दरवर्षी कानांच्या तपासणीत असाच पास होई. कारखान्यातल्या आपल्या साऱ्या शॉपला ही युक्ती त्यानंच शिकवली होती.

डॉक्टरांनी लेकीचं नाव विचारलं, मग घर कुठं ते.

"नीला. मल्लेश्वरम, आठवा क्रॉस."

डॉक्टर हसले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून त्याच्यापुढं धरलं. 'शेवटचे दोन प्रश्न मी आवाज न काढता विचारले.'

भीमसेनचे कान लाल झाले. निदान तेवढं काम त्यांना अजून जमत होतं.

"वहीत लिहू नका की हो. स्वल्प दया करा."

डॉक्टरांनी वही त्याच्याकडं फिरवली. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. तिन्ही साली एकही नाव नाही.

"माझ्या आधीच्या डॉक्टरांनी कानांत घालायची रबरी बुचं तीनदा मागितली," ते सावकाश, ओठ दिसतील असे बोलले. "वरून विचारणा झाली, ऐकू कमी येणारे किती? वही म्हणते, कुणीच नाही. मग बुचं कशाला?"

"आणि माझी गन?"

"ती जाईल, भीमसेनराव. तपासणी खात्यात बसाल. बोटांनी रिवेट पारखणारा माणूस त्यांना हवाच आहे."

खिडकीबाहेर रांग होती. शेवटी रघुपती उभा होता, रोज पत्र्यापलीकडून लोखंडी ठोकळा धरणारा त्याचा जोडीदार. रघुपतीची लेक आत्ताशी बोबडं बोलू लागली होती. भीमसेननं वही डॉक्टरांकडं परत सरकवली.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "लिहा. शाईनं लिहा."

तो बाहेर येताच रघुपतीचे ओठ दुरूनच हलले, "पास, अण्णा?"

भीमसेननं हसत मान हलवली. नाही. मग साऱ्या रांगेला दिसेल असं, अजिबात आवाज न करता, तो म्हणाला, "आत गेलात की डोळे मिटून बसा."