हौदातले साक्षीदार

भुईगावात त्या वर्षी माणसाच्या शब्दाला किंमत नव्हती, माशाच्या जगण्याला होती. हे खूळ भालचंद्रभाऊंचं. भाऊ म्हणजे निर्विष बागायत मंडळाचे अध्यक्ष. सदऱ्यावर चिखलाचा ठिपका दिसला तर तो मुद्दाम लावलाय की काय अशी शंका यावी, इतके टापटीप. विषारी फवारे कायमचे बंद, शेणखत आणि झाडपाल्याचा अर्क तेवढा चालेल, राजेळीसारखी जुनी केळी जपायची, सगळ्यांचा माल एकत्र करून मुंबईच्या विषमुक्त बाजारात न्यायचा, असा मंडळाचा बेत. बेत चांगला होता, खोटं कशाला बोला. पण आपापल्या वाडीत चोरून कोण काय मारतं हे बघत कोण बसणार? मग भाऊंनी तोड काढली. प्रत्येकाने हौदात सहा गप्पी मासे सोडायचे. विष मारलं की थोडंफार पाण्यात उतरतंच, आणि पाण्यात उतरलं की मासा मरतोच. मासे मेले की सभासद बाहेर. ‘मासा लाच खात नाही,’ असं भाऊ प्रत्येक सभेत सांगायचे आणि लोक प्रत्येक सभेत हसायचे.

बाहेर म्हणजे नुसतं नावापुरतं बाहेर नव्हे. टँकरवाल्यांनी उपसून उपसून अर्ध्या गावच्या विहिरी खारट करून ठेवल्या होत्या. बागेला पुरेल असं गोडं पाणी उरलं ते मंडळाच्या सामायिक विहिरीला. मोटर मंडळाची, पाइप मंडळाचा, पाण्याची पाळी मंडळ ठरवणार. पाळी गेली की केळ गेली, आणि केळ गेली की बिल्डर टपलेलेच होते. हिल्डाच्या घरात तर बिल्डर उंबऱ्याच्या आत येऊन बसला होता, तिच्या नवऱ्याच्या डोक्यात. हिलरी मुंबईला कारखान्यात जायचा, मातीत हात घालायचा त्याला कंटाळा. ‘एक हंगाम केळीने दगा दिला की मी सही करणार,’ असं तो जेवताना शांतपणे सांगायचा. हिल्डाचा जीव त्या वाडीत होता. माहेरून आल्यापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं.

केळीच्या बुंध्यांना सोंडकिडा लागला तेव्हा भाऊंनी कुठल्याशा शिबिरातून नवा अर्क आणला. कडुनिंब, धोतरा, करंजाची पेंड, आणि भाऊंची स्वतःची भर म्हणजे सीताफळाच्या कुटलेल्या बिया. अर्कातला थेंबही वाया जायला नको, म्हणून फवारणीचा पंप हौदाच्या काठावरच धुवायचा, ते पाणी पाटाने झाडांच्या मुळाशी जाईल, असाही त्यांचा हुकूम. सीताफळाच्या बियांच्या भुकटीने पोरींच्या डोक्यातल्या उवा मरतात, डोळ्यांत गेली तर डोळे जातात, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण अर्काचं नावच निर्विष. अध्यक्षांपुढे उवांचा विषय कोण काढणार?

हिल्डा आणि तिची शेजारीण सुभद्रा, दोघींनी मिळून बिया कुटल्या. मधे नुसतं अडुळशाचं कुंपण, त्यातही ये-जा करून पडलेलं खिंडार. सुभद्राला नवरा नव्हता, मूल नव्हतं, होती ती राजेळी. तिच्या केळीची सुकेळी मधासारखी व्हायची. सोललेली केळी उन्हात कशी मांडायची, कधी परतायची, केळीच्या वाळक्या सोपटात कशी बांधायची, हे हिल्डाला तिनेच शिकवलं. हिल्डा पहिल्या बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या वाडीचं पाणी सुभद्रानेच धरलं होतं, आणि ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

फवारणी झाली, पंप धुतले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्डाच्या हौदात सहाच्या सहा मासे पोट वर करून तरंगत होते.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने विष मारलं नव्हतं, पण हे पटणार कुणाला? सगळ्या गावात आपलेच मासे मेले, असं तिला वाटलं. ओंजळीने तिने ते काढले, केळीच्या बुंध्याशी पुरले आणि बादली घेऊन बावखलावर गेली. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, पूर्वजांनी खणलेलं. तिथून पदराने सहा मासे धरून आणले आणि पाणी बदलून हौदात सोडले. कुणाला कानोकान खबर नाही.

सुभद्राचेही मेले. पण सुभद्राला असली अक्कल नव्हती. तिने मेलेले मासे केळीच्या पानावर मांडले आणि थेट भाऊंच्या ओटीवर नेऊन ठेवले. “भाऊ, तुमच्या अर्काचं कायतरी चुकतंय. बघा, सगळे मेले. दुसऱ्यांचे पण मरतील, आधीच सांगा त्यांना.”

भाऊंनी पानाकडे पाहिलं, सुभद्राकडे पाहिलं आणि संध्याकाळी सभा बोलावली.

सभा म्हणजे काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. मांडवाखाली अख्खं मंडळ बसलेलं. भाऊ उभे राहिले. “अर्क सगळ्यांनी वापरला. इतरांचे मासे जिवंत आहेत. कुणाचे मेले असतील तर हात वर करा.”

एकही हात वर गेला नाही. हिल्डाने आपले हात मांडीखाली दाबून धरले होते, जणू ते आपणहून वर जातील. शेजारी बसलेली रिटा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. पलीकडचा विघ्नेश, एरवी ज्याचं तोंड मिटत नाही, तो मांडवाच्या वाशाकडे बघत होता. हिल्डाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्या भीतीपुढे माणसाला दुसऱ्याची भीती दिसत नाही.

“सुभद्रावहिनी, कबूल करा,” भाऊ मऊ आवाजात म्हणाले. “सोंडकिडा जास्त झाला, जीव घाबरला, मारलं थोडं औषध. माणूस आहे, चुकतो.”

“मी काय मारलं नाय. ही हिल्डा हाय ना. बिया आम्ही दोघींनी कुटल्या, एका उखळात. एका पिंपातला अर्क दोघींनी नेला. विचारा तिला.” सुभद्रा अगदी निर्धास्तपणे हिल्डाकडे वळली. “सांग गो.”

सगळे हिल्डाकडे बघायला लागले. हिल्डाला हिलरीची सही दिसली. “बिया कुटल्या,” ती म्हणाली, “ते खरं. पण नंतर तिने काय मारलं ते मला ठाऊक नाय. मी कुठं तिच्या वाडीत बसलेली?”

 सुभद्रा नुसती बघत राहिली. पोराने पहिल्यांदा हात उगारला की आईचा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता.

पाणी दुसऱ्याच दिवशी तुटलं. आणि मंडळाचा न्याय कसा, तर मोकळी झालेली पाळी शेजारच्या वाडीला, म्हणजे हिल्डाला. पुढच्या आठवड्यात मंडळाची माणसं सुभद्राच्या वाडीतून राजेळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, उपटून घेऊन गेली. जुन्या वाणाचं जतन झालंच पाहिजे ना! बाई विषारी, पण तिची केळ शुद्ध. त्यातले बरेच हिल्डाच्याच वाडीत लागले. त्यांच्यापुढे पत्र्याची पाटी आली, ‘राजेळी संवर्धन’. हिल्डा सुभद्राच्या पाण्यावर सुभद्राची पिल्लं वाढवायला लागली आणि ती छान वाढली, हे विशेष. झाडांना लाज नसते.

हिल्डा चर्चमध्ये कुमसारला, म्हणजे पापाची कबुली द्यायला गेली, तेव्हा पाप सांगितलं, पण किती झाकून! ‘शेजारणीशी नीट वागले नाही,’ एवढंच. फादरना वाटलं असेल, कोंबड्यांवरून भांडण झालं. त्यांनी दोन-चार प्रार्थना सांगितल्या, तिने त्या मन लावून म्हटल्या, आणि पाळी होती तशीच चालू ठेवली.

इकडे सुभद्राची बाग पिवळी पडली. पिण्याच्या पाण्यातला हंडा-दोन हंडे वाचवून तिने चार राजेळी तेवढ्या धरून ठेवल्या. त्यातूनही उरलेलं पाणी ती हौदात ओतायची. बावखलातले मासे आणून तिने हौदात सोडले होते. अर्क तिला आता कोण देणार, आणि फवारायला उरलं होतं काय? त्यामुळे मासे मस्त जगले. नुसते जगले नाहीत, वाढले. हौदात बारीक पिल्लांचा बुजबुजाट झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हाक मारायची, “या, बघा. इथे विष असतं तर हे जगले असते का?” लोक हसून पुढे जायचे. कुणी म्हणायचे, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. हिल्डा कुंपणाचं खिंडार झावळ्यांनी बुजवून घेऊन आत काम करत राहायची. हाक ऐकू यायची ती यायचीच.

वैशाखात पाहुणे यायचे ठरले. परदेशी मदत देणारी कुठलीशी संस्था होती. पसंत पडलं तर मंडळाला सुकेळी वाळवायची शेड मिळणार, दरवर्षी ठरलेल्या भावाने उचल होणार. हिलरीसुद्धा म्हणाला, “एवढं झालं तर विकायचं नाव काढणार नाय.” आदल्या दिवशी भाऊंनी बागा चकाचक दिसाव्यात म्हणून सगळ्यांना अर्काची फवारणी करायला लावली. पंप धुतले गेले, हौदाच्या काठावर, नियमाप्रमाणे.

सकाळी हिल्डाच्या हौदात सहा पांढरी पोटं.

या वेळी ती घाबरली नाही, बादली उचलून बावखलावर धावली. पण बावखलावर जत्रा भरली होती. रिटा गुडघाभर पाण्यात फडकं धरून. विघ्नेश चाळण घेऊन. आणि पलीकडच्या काठाला, डोक्यावर पदर ओढून, भालचंद्रभाऊंची बायको हेमांगी, हातात पितळी बादली. सगळ्यांनी एकमेकांना पाहिलं आणि कुणीच कुणाला पाहिलं नाही. कुणी ‘काय गो, एवढ्या सकाळी?’ असंदेखील म्हटलं नाही. वैशाखातलं बावखल, चिखल जास्त, पाणी कमी, आणि आधी आलेल्यांनी ते पार ढवळून टाकलेलं. हिल्डाच्या पदरात एक मासा येईना.

तेव्हा तिला कळलं. त्या सभेत मेलेले मासे सगळ्यांच्याच घरात होते. एक हात वर गेला असता तर मागून वीस गेले असते. तो हात तिचा असू शकला असता.  पण पाहुणे नऊला येणार होते आणि हौद रिकामा होता.

ती घरी गेली नाही. सुभद्राच्या पुढल्या दारी जाऊन उभी राहिली, बादली घेऊन.

सुभद्रा चुलीपाशी होती. तिने बादलीकडे पाहिलं आणि हिल्डाला काही सांगायला लागलंच नाही. “मेले?”

“मेले.”

“किती हवेत?”

“सहा दे गो. तुझ्या पाया पडते.”

सुभद्रा उठली, हौदापाशी गेली. मग थांबली. “एक सांग. सभेत नको, गावात नको, फक्त मला सांग. मी विष मारलं होतं?”

“नाय,” हिल्डा म्हणाली आणि रडायलाच लागली. “नाय गो बाय, तू नाय मारलं. मला तेव्हाच ठाऊक होतं. आज पाहुण्यांसमोर सांगते. भाऊंच्या तोंडावर सांगते. शप्पत.”

“शप्पत घालू नको,” सुभद्रा म्हणाली. तिने सुपलीने मासे भरायला घेतले. सहा झाले, दहा झाले, ती भरतच राहिली. “सगळे ने. थोडे मेले तर थोडे उरतील. मला ते कुणाला दाखवायचेत आता? तू बोललीस, झालं.” बारीक पिल्लंसुद्धा तिने निपटून दिली.

पाहुणे आले. दोन गोऱ्या बाया, एक दुभाषी आणि सोबत भाऊ, सदरा परीटघडीचा. हिल्डाच्या वाडीतली राजेळी बघून बाया खूश झाल्या. पाटीचा फोटो काढला. हौदापाशी आल्या तर मासेच मासे. भाऊंना स्वतःलाच नवल वाटलं असावं, पण ते सावरले. “बघा, किती वाढलेत! निर्विष शेतीची ही साक्ष.”

हिल्डाने ओठ ओले केले. आता बोलायचं. कुंपणावरच्या झावळ्यांच्या फटीतून तिला सुभद्राचं लुगडं दिसत होतं. ती उभी होती, वाट बघत.

तेवढ्यात एका बाईंनी पिवळ्या पडलेल्या बागेकडे बोट केलं. तिथे काय झालं, असं दुभाष्याने विचारलं. भाऊंनी झावळ्या बाजूला सारल्या आणि सगळ्यांना खिंडारातून पलीकडे नेलं. सुभद्रा बाजूला सरकली. भाऊ तिच्या हौदाच्या काठावर उभे राहिले. “इथे लपून विष मारलं होतं. परिणाम बघा. बाग गेली, आणि हौदात औषधाला एक मासा नाही.”

पाहुण्या वाकल्या. स्वच्छ, रिकामं पाणी. एकीने ‘च्च’ केलं आणि त्याचाही फोटो काढला. मग ती हिल्डाकडे वळून काहीतरी म्हणाली.

“बाई विचारतायत,” दुभाषी म्हणाला, “तुम्ही शेजारच्या. हे खरं आहे का?”

सुभद्रा तिच्याकडे बघत होती, सभेत बघितलं होतं तितक्याच निर्धास्तपणे.

“हो,” हिल्डा म्हणाली.