आता ओट्यावरून समुद्र दिसतो

जतीनने चिकूचं पान तोडलं आणि जिभेला लावलं. खारट लागलं. पुढच्या झाडाचं लावून बघितलं, तेही खारट.

"चव कसली बघतोस? रंग बघ ना," ओट्यावरून बायजा म्हणाली.

रंग तो आल्याआल्याच बघून चुकला होता. समुद्राच्या बाजूची झाडं कडेकडेने करपली होती, पानं तपकिरी पडली होती आणि खाली गळलेल्या फुलांचा खच होता. आतल्या रांगा अजून हिरव्या होत्या, पण त्यांच्याही शेंड्यांना झळ लागलेली दिसत होती. जन्म चिकूत घालवलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. तरी त्याने आणखी एक पान तोडलं, कारण पानं तोडत राहिलं की ओट्यावर जाऊन बसायला थोडा उशीर होत होता.

बायजा त्याची थोरली बहीण. तो तिला लहानपणापासून बाय म्हणायचा. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली तेव्हा वडिलांनी किनाऱ्याची ही वाडी आणि त्यातलं घर तिला दिलं, आशागडची मोठी वाडी जतीनला. वाडी आणि वाळू यांच्या मधला सुरूच्या झाडांचा पट्टा मात्र जतीनच्याच नावावर राहिला. सुरूला ना खाण्याजोगं फळ, ना पूजेला चालेल असं फूल. त्यासाठी कोण भांडणार? वडिलांनी, म्हणजे धोंडू सावे यांनी, ती झाडं लावली ती फक्त खारा वारा अडवायला. झाडांनी ते काम इतकं निमूटपणे केलं की ती काही काम करतात हे सगळे विसरूनच गेले. सगळ्यांत आधी विसरला जतीन. आशागडपर्यंत खारा वारा पोचत नाही.

पट्ट्याच्या कडेला पूर्वी एक छोटी बाग होती. दोन झोपाळे, एक मोडकी घसरगुंडी आणि वाळूत रुतलेली बाकडी. गेल्या दिवाळीनंतर किनारा सुशोभन समितीने ती वाढवायची ठरवली. समितीचा इंजिनियर देवेश लॅपटॉप घेऊन आशागडला आला आणि त्याने चित्र दाखवलं. चालायला पेव्हर ब्लॉकची वाट, दिवे, बसायला छत्र्या, समोर मोकळा समुद्र. आणि कमानीवर ठळक अक्षरांत नाव, कै. धोंडू सावे उद्यान.

"फक्त हे सुरू काढावे लागतील, काका," देवेश म्हणाला होता. "व्ह्यू ब्लॉक होतो."

वडिलांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत जतीनने पहिल्यांदाच पाहिलं. त्याचा ऊर भरून आला. पण अगदीच वाहवत गेला नाही. त्याने विचारलं, "मागे माझी बहीण राहते. तिला विचारलंत?"

"विचारलं ना. त्यांची काही हरकत नाही."

जतीनला हायसं वाटलं. स्कूटर काढली असती तर जेवणाच्या आत तो बहिणीकडे जाऊन परत आला असता. फोन तर खिशातच होता. त्याने यातलं काहीच केलं नाही. आपण विचारलं तर ती नाही म्हणेल, ही धाकधूक त्याच्या मनात होती. तेव्हाही होती. आज करपलेल्या झाडांसमोर उभं राहिल्यावर ती नव्हती असं म्हणायची सोयच राहिली नाही.

झाडं फाल्गुनात गेली, बाग मे महिन्यात सुरू झाली. जतीनची नात रिया सुट्टीत बोरिवलीहून आली होती, तिने पणजोबांच्या नावाखाली उभं राहून भरपूर फोटो काढले. मग पावसाळा आला. अख्ख्या पावसाळ्यात जतीन इकडे फिरकला नाही. कधी गुडघा दुखत होता, कधी स्कूटर. शेवटी काल डहाणू रोडला चिकूचा व्यापारी भेटला आणि सहज बोलून गेला, तुमच्या ताईंच्या वाडीतनं यंदा माल निघेल असं वाटत नाही. रात्रभर जतीनच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी येताना वाटेत त्याने मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. बाय, माझं चुकलं. तू मला काय वाटेल ते बोल.

"बस ना आता," बायजा म्हणाली. "किती पानं खाशील?"

तो ओट्यावर बसला. समोर, जिथे लहानपणापासून हिरवी भिंत असायची, तिथे उघडा समुद्र होता. ओहोटीची वेळ होती. बागेत कोणाच्या तरी वाढदिवसाची तयारी चालली होती, स्पीकर लावून बघत होते. वाडीच्या आतल्या बाजूला नवशी गळलेली फुलं आणि पानं झाडून ढीग करत होती. रानशेतची नवशी स्वतःच्या लग्नाआधीपासून बायजाकडे कामाला होती. तिने जतीनला लांबूनच हात केला.

"आता ओट्यावरून समुद्र दिसतो," बायजा म्हणाली. "लोक म्हणतात, ताई, तुम्हाला फुकटात सी व्ह्यू मिळाला. मी म्हटलं, मला कशाला? माझं काही त्याच्याकडे काम नव्हतं."

ती हसली. जतीनला हसता आलं नाही.

"बाय, माझं..." त्याने जुळवलेलं वाक्य सुरू केलं आणि ते भलतीकडेच गेलं. "तुझी हरकत नाही असं तो देवेश म्हणाला. म्हणून मी हो म्हटलं."

बायजाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"मी कुठे तसं म्हटलं? मी म्हटलं, जतीनला विचारा. तो म्हणेल ते."

"मग तेच."

"तेच कसं? मला ठाऊक होतं ना, तू नाही म्हणशील म्हणून. बाबांनी डोक्यावरून पाणी आणून झाडं जगवली, तू कसा तोडू देशील? पण मी नाही म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, बापाच्या नावाच्या आड लेकच आली. तू म्हटलंस तर गोष्ट वेगळी. म्हणून तुझ्याकडे धाडला त्याला."

जतीन ओट्याच्या कडेची माती नखाने उकरू लागला. स्पीकरवर कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. ते थांबलं.

"तोडायला आले तेव्हा तरी फोन करायचास," शेवटी तो म्हणाला. आपण हे कोणत्या तोंडाने विचारतोय, हे विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"करणार होते. हातात घेतला होता फोन. मग वाटलं, जतीनने हो म्हटलंय. उगीच कशाला म्हणेल? त्याला काय वाऱ्याचं कळत नाही? त्याने पुढचं काहीतरी धरलं असणार मनात. मग उगाच कशाला मध्ये बोला." तिने मांडीवरचा पदर सारखा केला. "पावसात झाडं करपायला लागली तेव्हाही मी स्वतःला तेच सांगितलं. म्हटलं, येईल आणि सांगेल."

मग ती त्याच्याकडे नीट वळून बसली. इतके महिने मागे ठेवलेला प्रश्न अखेर विचारायला मिळाल्यासारखा तिने विचारला.

"तर काय ठरवलंयस तू वाडीचं?"

जतीन माफी मागायला आला होता. शिव्या खायची, रडणं ऐकायची, घरात न घेतलं तर दारातून परत जायचीही त्याची तयारी होती. या प्रश्नाची मात्र नव्हती. क्षणभर त्याला वाटलं, काहीतरी सांगून टाकावं. पुन्हा सुरू लावू म्हणावं, जाळी बांधू म्हणावं. ती मान डोलावेल, विश्वास ठेवेल. आणि तेवढ्यासाठीच त्याला ते सांगवेना.

"काहीच ठरवलं नव्हतं, बाय."

"काहीच?"

"नाही. बाबांचं नाव बघितलं आणि हो म्हटलं. तुझ्या वाडीचा विचार आला होता, तो मीच बाजूला सारला."

बायजाने नजर बागेकडे वळवली. समुद्राकडून वारा येत होता, तिच्या पांढऱ्या बटा कपाळावर येत होत्या आणि ती त्या मागे सारत नव्हती. जतीनला वाटलं, आता तरी ती बोलेल, आता तरी तोंड सोडेल. त्याला ते हवंच होतं.

"मग नवशीला सांगायला हवं," ती म्हणाली.

"नवशीला काय?"

"तिला पावसाळ्याआधी आशागडला फुग्यांच्या कारखान्यात काम मिळत होतं. कायमचं. तिनेही झाडं पाहिली होती, तिला काय कळत नाही? मीच जाऊ दिलं नाही. म्हटलं, थांब, माझा भाऊ आहे, तो वाडी मरू देणार नाही. माझ्या शब्दावर राहिली ती. आता तिथे दुसरी माणसं लागली."

जतीनने मान वर केली नाही.

"मी सांगू का तिला?" त्याने विचारलं.

"तू कशाला? शब्द मी दिला होता."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तो तिला हात द्यायला पुढे झाला, पण तोवर ती खांबाला धरून उभी राहिली होती.

"नवशी," तिने हाक मारली. "झाडू ठेव तो. जरा इकडे ये गं."

नवशीने झाडू झाडाला टेकवला आणि पदराला हात पुसत, जतीनकडे बघून हसत, ती ओट्याकडे येऊ लागली. भावाने एकदाची काहीतरी वाट काढली, असंच तिला वाटत असणार.