दुसऱ्या दिवसाची सायकल

शी! त्या हॉस्पिटलचं नाव काढलं तरी मला शिसारी येते.

माझी सून कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. हात असा, की कात्री फिरली की फिरली, परत बघायला नको. एकदा साधा ताप आला. ताप गेला, पण सून काही पूर्वीसारखी उठली नाही. डॉक्टर म्हणतात, थकवा. थकवा! मी जन्मभर इस्त्रीच्या दुकानात उभी राहिले, थकवा मला कुणी शिकवू नये. थकलेला माणूस झोपतो आणि सकाळी ताजा होतो. ही झोपते आणि आणखी मोडून उठते. केस धुतले तर पुढचे दोन दिवस अंधारात पडून. वर शेजारीण मला कानात सांगते, "नाटकं आहेत हो, तुम्ही तिला फार लाडावून ठेवलंत." तिला मी तिथल्या तिथे दार दाखवलं.

रक्त तपासून झालं, फोटो काढून झाले, सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हणे! मग कळलं, मोठ्या हॉस्पिटलात याच आजारावर संशोधन चाललंय. सायकलवर बसवून तपासतात, आणि ज्यांच्यात आजार दिसेल त्यांना नवीन औषधाच्या चाचणीत घेतात. सुनेचे डोळे कधी नव्हे ते चमकले. "आई, मला तिथे न्या. औषध मिळो न मिळो, मला आजार आहे एवढं तरी कुणी लिहून ठेवेल."

आठवडाभर तिने ताकद राखून ठेवली. अंघोळ नाही, बोलणं नाही. मुलगा गाडी घेऊन परगावी, म्हणून मीच टॅक्सी आणली. जायच्या दिवशी मी तिला चांगले कपडे घातले, केस नीट बांधले, गालांना थोडी पावडर लावली. माणसांत जायचं तर नीटनेटकं नको का?

संशोधनवाला डॉक्टर तरणाताठा, हसतमुख. "वा, टवटवीत दिसताय!" म्हणत त्याने तिला सायकलवर चढवलं. पोरीने जीव खाऊन पायडल मारलं. तो मशीनकडे बघून म्हणाला, "उत्तम! उद्या याच वेळेला परत. आमची पद्धत अशी आहे आजी, पहिल्या दिवशी सगळेच बरे दिसतात. खरा आजार दुसऱ्या दिवशी कळतो."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, याला कळतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला मान उचलता येईना. पाणी मी चमच्याने पाजलं. पडद्याच्या फटीतून आलेला उजेडही तिला सोसेना. समोरच्या घरातल्या मुलीला तिच्याजवळ बसवलं आणि मी एकटी हॉस्पिटलात गेले.

"डॉक्टर, चला घरी. तुमचा दुसरा दिवस तिथे पलंगावर पडलाय. या आणि बघा."

"घरी कसं येणार आजी? सायकल इथे आहे."

"मग तिचं काय?"

"जे दुसऱ्या दिवशी येत नाहीत त्यांना आम्ही वगळतो. नाहीतर निकाल बिघडतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निकाल बिघडतो? आणि माणूस बिघडला त्याचं काय? अहो, आजार आहे म्हणूनच ती येऊ शकत नाही ना!"

"मुद्दा बरोबर आहे," तो हसून म्हणाला. हसला मेला! "पण नियम नियम असतो. तसे बरेच जण गळतात."

"आणि जे दोन्ही दिवस येतात ते?"

"त्यांच्यात दोन दिवसांत फारसा फरक दिसत नाही. म्हणून तर आम्हाला वाटतंय, आजार तसा सौम्य आहे. सूनबाईंना सांगा, रोज थोडं चालत जा."

किळस आली मला. त्या हसण्याची, त्या चकचकीत सायकलची, भिंतीवरच्या सुखी माणसांच्या फोटोंची. आम्ही इस्त्रीवाल्यांनी जळालेले कपडे मोजायचेच नाहीत असं ठरवलं असतं, तर आमच्याही हातून कधी एक कपडा जळाला नसता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच. तोंडावर बोलले सगळं. तो मान डोलवत राहिला आणि पुढच्या बाईला म्हणाला, "वा, टवटवीत दिसताय!"

त्या बाईच्याही गालांना पावडर होती.

मी तिचा दंड धरला. "बाई, आधी तोंड धू," म्हटलं, "आणि उद्या कशी असशील ते आजच सांग याला." मला शिपायाने बाहेर काढलं.

घरी आले. खोलीत अंधार होता. वाटलं झोपली असेल, पण तिने माझं बोट धरलं. आवाज जेमतेम ओठांपर्यंत येत होता.

"आई, चाचणीत धरलं का मला?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "नाही गं पोरी. गाळलं."

तिने बोट सोडलं नाही. मग म्हणाली, "परत कधी बोलावतात ते विचारलंत का? या वेळी आणखी आधीपासून पडून राहीन मी."