टक लावून पाहू नये

हिंदी मुलखातल्या सोनागिरीत, घराच्या गच्चीवर अच्युतराव आणि कमलिनीबाईंचं थंडीत रोज संध्याकाळी एकाच गोष्टीवरून वाजायचं : काक्षी आज किती उजळ? मृगातला हा तांबडा म्हातारा तारा फुगतो, आक्रसतो, त्यामुळे कधी तेजाळतो, कधी मंदावतो. रोहिणी, प्रश्वा या शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचं आणि तेजाचा आकडा ठरवायचा. दुसऱ्याचं ऐकून आपला आकडा बिघडतो, म्हणून दोघं एकमेकांकडे पाठ करून उभी राहत आणि "एक, दोन, तीन" म्हणून एकदमच बोलत.

"अहो, टक लावू नका!" कमलिनीबाई दटावत. "लाल तारा आहे. जितकं बघाल तितका उजळ वाटेल. नजर टाकायची नि वळवायची."

शाळेत फिजिक्स शिकवायच्या त्या. नोकरी संपली तरी दटावणं काही संपलं नव्हतं. कारखान्यातले नावाजलेले इंजिनिअर अच्युतराव या बाबतीत मात्र अगदी मठ्ठ. त्यांचा काक्षी नेहमी जरा जास्तच उजळ निघायचा.

या थंडीत कमलिनीबाईंनी अंथरूण धरलं. यकृताचं दुखणं होतं. "चेहरा उतरला, पिवळेपणा वाढला, तर थांबू नका, लगेच आणा," डॉक्टरांनी बजावलं होतं. अच्युतराव दिवसभर खाटेशी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत. "कमल, आज तरतरी दिसतेय हं," असं सकाळी चहा देतानाच म्हणत. पुण्याला लेकीला फोनवर सांगत, "सुधारतेय हळूहळू. तू धावपळ करू नकोस." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं दिसत होतं.

संक्रांत झाली आणि लेक, शमिका, न कळवताच आली. चप्पल काढता काढता तिनं खाटेकडे पाहिलं आणि बॅग हातातून खाली ठेवली.

"बाबा, ये क्या हालत हो गई आईची? तुम्हाला दिसत नाही?"

"रोज मी बघतोय की तू?" अच्युतराव उसळले.

"तिचं बरोबर आहे," कमलिनीबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "तिनं नुसती नजर टाकली. तुम्ही टक लावून बसलात."

तेव्हा कुठे अच्युतरावांना तो चेहरा दिसला. डोळे खोल गेलेले, कातडी हळदीसारखी. त्यांनी कमलिनीबाईंना तसंच दवाखान्यात हलवलं.

डॉक्टर रागावले नाहीत. आधी आणलं असतं तर थोडे महिने मिळाले असते, एवढंच म्हणाले.

"तू तरी का नाही बोललीस गं?" अच्युतरावांनी दवाखान्यात त्यांचा हात धरून विचारलं. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"रोज सकाळी तुमचा आकडा आधी ऐकायचे ना," कमलिनीबाई म्हणाल्या. "मलाही बरंच वाटायला लागलं होतं."

तेरावा झाला त्या संध्याकाळी अच्युतराव गच्चीवर गेले. काक्षीवर त्यांनी एक नजर टाकली आणि लगेच वळवली. आयुष्यात पहिल्यांदाच ते बरोबर जमलं.

"एक, दोन, तीन," म्हणून त्यांनी आकडा सांगितला. मग ते तसेच पाठमोरे उभे राहिले. मागे वळून बघायची त्यांची छाती होईना.