क्लचखालचा चुरा

शिंप्यावर आरोप एकच होता, पण तो महिनाभर घरात गाजत होता. गाडीत लपूनछपून बिस्किटं खाण्याचा. डॉक्टरांनी त्याचं गोड कधीच बंद केलं होतं, आणि इकडे ड्रायव्हरच्या पायाखालच्या चटईवर बायकोला दोन-चार दिवसांआड पिवळसर चुरा सापडायचा. ती तो चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर नाचवायची. तो गळ्याची आण घेऊन सांगायचा, गाडीत मी बिस्कीट खाल्लेलं नाही. ‘गाडीत’वर तो जरा जास्तच जोर द्यायचा, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

गाडी त्याची, पण नजर अधू झाल्यापासून तिला हात लावायची सोय उरली नव्हती. म्हणून या वयात बायको गाडी शिकायला निघाली. लेक घाटापलीकडे राहायची, तिला मुलगी झाली होती, आणि तिकडे बस जात नव्हती. नात आत्तापर्यंत फक्त फोटोत पाहिलेली. फोटोतल्या बाळाला काय कुशीत घेता येतं? परीक्षेत बायको दोनदा नापास झाली होती. आज तिसरी खेप. पास झाली की तसंच पुढे लेकीकडे जायचं ठरलं होतं, पिशव्यासुद्धा डिकीत चढल्या होत्या.

आणि नेमकी आजच गाडीने मान टाकली. किल्ली फिरवली तर हूं नाही की चूं नाही.

सोबत जायला आलेल्या शिकवणाऱ्या बाई आधी बायकोच्या पायांकडेच बघायला लागल्या. बायको उंचीने बेताची, पाठीला उशी घेऊन बसायची. क्लच पूर्ण दाबला नाही तर ही गाडी सुरूच होत नाही, आणि हिचा पाय पुरत नसणार, असं त्यांना वाटलं. बायकोचा चेहरा पार उतरला. मग बाई स्वतः बसल्या, पेडल जमिनीला टेकवलं, तरी तेच. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. बाई खाली वाकल्या, टॉर्च मारला, पेडलच्या वरच्या अंगाला असलेल्या स्विचची बारीक खुंटी बोटाने दाबून धरली आणि बायकोला म्हणाल्या, गाडी न्यूट्रलला आहे ना बघा आणि फिरवा किल्ली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

म्हणजे स्विच ठणठणीत होता. पेडल खाली गेलं की त्याच्या दांड्याने ती खुंटी दाबायची, तेव्हा गाडीला कळतं की क्लच दाबलाय. पण खुंटी जिथे टेकते तिथे दांड्याला भोक होतं, आणि त्या भोकात बसवलेली प्लॅस्टिकची गुंडी जुनी होऊन झिजत, तुटत पार संपली होती. खुंटी भोकातून सरळ आरपार जात होती. उरलासुरला तुकडा बाईंनी बोटाने काढून तळहातावर ठेवला. पिवळसर, ठिसूळ, अगदी बिस्किटासारखा.

तिघेही त्या तुकड्याकडे बघत राहिले. शिंप्याची छाती अशी फुगली की सदऱ्याची शिवण उसवेल.

"महिनाभर," तो म्हणाला, "महिनाभर मी चोर होतो या घरात."

बायको ओशाळली, पण परीक्षेची वेळ जवळ येत होती. नवी गुंडी आणायची तर बाजार गाठायला हवा. शिंप्याने भोकात करंगळी घालून अंदाज घेतला आणि हसला. भोक बुजवायचंय, एवढंच ना? कोटाची दोन बटणं, एक अलीकडे, एक पलीकडे, मधून जाड मेणदोरा. त्याला काही डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. मशीनच्या खणातून बटणांचा डबा आण, असं त्याने बायकोला सांगितलं आणि स्वतः उताणा होऊन डॅशबोर्डखाली शिरला.

ती घरात गेली आणि मग त्याला आठवलं, त्या खणात डब्यामागे काय आहे ते. त्याला दरदरून घाम फुटला. उठावं तर डोकं स्टिअरिंगखाली अडकलेलं.

बायको आली. सुई ओवून तिने बटणं त्याच्या हातात दिली. तिला दिसलं नसावं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि टाके घातले. उभ्या जन्मात इतकं मन लावून त्याने बटण लावलं नव्हतं. दोरा तोडला, बायको बसली, क्लच दाबला, किल्ली फिरवली. गाडी अशी गुरगुरली की बाईंनी टाळ्याच वाजवल्या.

बायको पास झाली. परीक्षकाने चढावर गाडी थांबवायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली, बटणाने एकदाही दगा दिला नाही. शिंपी परीक्षेच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा राहून रडत होता आणि ते लपवतही नव्हता. बाई शिकवणारीसारख्या नव्हे, सख्ख्या बहिणीसारख्या बायकोला बिलगल्या आणि रिक्षाने घरी गेल्या.

घाटाचा रस्ता लागला. बायकोने गाडी अलगद कडेला घेतली, पर्समधून बिस्किटांचा अर्धा पुडा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. मशीनच्या खणातला. त्याचं पितळ असं उघडं पडलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"आज एकच," ती म्हणाली. "आणि गाडीत सांडू नका. नातीला घेऊन बसायचंय इथे."